जाळीवरचं गोणपाट

मंगळवार, १७ एप्रिल १९७३

गाडी उकळली म्हणून आमचे साहेब, सोसायटीचे चेअरमन, मला चारचौघांत बोलले! "पंखा बिघडलाय. तुला ड्रायव्हर कुणी केलं?" पंखा ठणठणीत आहे. गार वारं लागावं म्हणून पुढच्या जाळीवर ओलं गोणपाट यांनीच बांधायला लावलं. मग रेडिएटरला हवा मिळणार कुठून? सकाळीच सांगितलं होतं. ऐकतंय कोण!

गावोगावी टँकरचं पाणी त्या गोणपाटावर ओतलं. आणि निघालो होतो कशाला, तर दुष्काळ बघायला! शेवटी माकणी गावात मी ते गोणपाट सोडलं. इंजिनाच्या तापमानाचा काटा हळूहळू उतरला.

गोणपाट फेकणार, तेवढ्यात पाण्याच्या रांगेतली म्हातारी म्हणाली, "टाकू नगं लेकरा, लई पाणी हाय त्यात." तिनं ते घागरीवर धरून पिळलं.

साहेबांवर अजून चिडलोय. पण ओतणारे हात माझेच होते.