निवाच्या आधी

६ जानेवारी

निवाने आज माझं टेबल पुसलं! नव्या वर्षातला कामाचा पहिला दिवस, मी अगदी वेळेवर पोचलो, बघतो तर हा ओलं फडकं घेऊन माझ्या टेलिफोनखाली घासतोय. "नवीन वर्षाच्या शुभेच्छा, कुसाकाबेसान. यंदाही सांभाळून घ्या." आणि कमरेतून वाकून नमस्कार, फडकं हातात तसंच! मीही वाकलो.

सकाळच्या सभेत शिमोजो साहेबांना तर उमाळाच आला. "निवांकडे बघा जरा! पहाटे उठतात, चालत येतात, स्वतःचा डबा स्वतः करतात, आल्या आल्या सगळ्यांची टेबलं पुसतात. पुढे जाणाऱ्या माणसाच्या सवयी अशा असतात!" टाळ्या. मीही वाजवल्या. अंगाचा तिळपापड झाला होता, तरी वाजवल्या.

आणि शेवटी, सहज आठवल्यासारखं — कुशिरोच्या शाखेतले होशी साहेब मार्चअखेर निवृत्त होतायत, त्यांच्या जागी एप्रिलपासून आपल्यातलं कुणीतरी जाईल. कुणीतरी म्हणे! मासळीबाजाराची शीतयंत्रं एकहाती सांभाळू शकणारे इथे नुमाझूत आम्ही दोघंच. मी आणि टेबलपुस्या.

७ जानेवारी

सातोएने भात वाढता वाढता विचारलं, "अहो, घर बांधलं की बदली येते म्हणतात, ते खरं का हो?"

कंपनीत सगळेच म्हणतात. मी म्हटलं, काहीतरीच काय! पण ताट तसंच सरकवलं. नव्या घरात येऊन जेमतेम तीन महिने झालेत, जिन्याला अजून पॉलिशचा वास येतोय. बदली झाली तर एकट्यानेच जायचं, इथे सगळे तसेच जातात — बायकामुलं घरी आणि बाप्या कुठेतरी एका खोलीत, पाकिटातल्या शेवया उकळत. आमची पोरगी कोझुए चौदाची. आत्ताच दिवसाकाठी दोन वाक्यं टाकते माझ्यासमोर. तिकडे पार उत्तरेला, त्या धुक्यात चारपाच वर्षं काढून परत आलो तर ओळख करून द्यावी लागेल. मी जाणार नाही! नाही म्हणजे नाही!

साहेबांना तसं सांगता येत नाही, हा भाग वेगळा. असं कुणी सांगत नाही.

८ जानेवारी

कळला! निवाचा डाव कळला. ज्याच्यावाचून अडतं त्याला कोण हलवील? फडकं मारून मारून तो स्वतःची जागा पक्की करतोय आणि मला ढकलतोय धुक्यात. भला माणूस म्हणे! ठीक आहे. पुसायला मलाही येतं.

१० जानेवारी

अंधारात उठलो. निवाला शिव्या घालत दात घासले.

१५ जानेवारी

आज त्याच्या आधी! सगळी टेबलं पुसली. त्याचं तर दोनदा पुसलं. आला, आणि दारातच थबकला.

"अरे कुसाकाबेसान, तुम्ही कशाला…"

"कशाला काय? सवय आहे."

कामाआधी रेडिओ लावून सगळे मिळून करतो त्या व्यायामालाही मी पुढच्या रांगेत, बरोबर त्याच्या नाकासमोर. उड्या मारताना गुडघा कुरकुरला. तोंडावर हसू ठेवलं.

२३ जानेवारी

हा माणूस इतका नीच असेल असं वाटलं नव्हतं. टेबलं मी पुसतो म्हटल्यावर पठ्ठ्याने संडास धरला! बाह्या सरसावून, गुडघ्यांवर बसून, हातात ब्रश. साहेब नेमके तिकडे गेले आणि बाहेर आले ते डोळे पुसतच. उद्यापासून संडासही माझा.

२९ जानेवारी

रोज तो थोडा लवकर येतो, म्हणून मी आणखी लवकर. फाटकावरचे म्हातारे ओगुरा कुलूप काढता काढता करवादले, "आता इथेच गाद्या टाका की दोघं! माझ्या चहाला तरी उकळू द्या." निवा हसला. इतकं सोज्वळ हसतो मेला, डोक्यात जातो अगदी.

५ फेब्रुवारी

डबा मीच करतो आता. बिअर बंद. घरापासून चालत. सातोए खूश, म्हणते, "कित्येक वर्षांनी पोटभर झोपले बाई!" सदरेसुद्धा मीच इस्त्री करतो.

कोझुएने डब्यात डोकावून पाहिलं. "बाबा, अंडं जळलंय." पण उद्या कसं करायचं ते दाखवलंही. थोडं गोड घालायचं आणि आच बारीक ठेवायची. बराच वेळ शेजारी उभी होती. याच्यासाठी तर चाललंय सगळं! ही पोरगी सोडून मी कुठे जाऊ?

१४ फेब्रुवारी

कंपनीने केलेल्या तब्येतीच्या तपासणीचे निकाल. यकृत उत्तम! डॉक्टर म्हणाले, काय केलंत? म्हटलं, शेजारी शत्रू बसवा.

१९ फेब्रुवारी

आज सभेत माझं नाव. साहेब म्हणाले, "कुसाकाबेंकडे बघा! माणसाने ठरवलं तर तो किती बदलू शकतो!" टाळ्या. निवानेही वाजवल्या, मनापासून वाजवतोय असं दाखवून. ढोंगी!

सगळ्यांसमोर वाकलो आणि वाकल्या वाकल्या हसून घेतलं.

२६ फेब्रुवारी

निवाने आज मला एकट्याला गाठलं. संडासातच. मी घासतोय, हा दाराशी, हातात टोपी.

"कुसाकाबेसान, एक विचारू? आगाऊपणा वाटेल."

"विचारा ना."

"तुम्हाला… कुशिरोला जायला आवडेल का हो?"

वा रे वा! काय सापळा! मी 'नको' म्हणायचा अवकाश, हा निघणार साहेबांकडे — कुसाकाबे नाखूश आहेत हो, कंपनीपेक्षा घर मोठं वाटतं त्यांना. मी काय दूधखुळा आहे? ब्रश खाली ठेवला, ताठ उभा राहिलो, आणि म्हटलं, "म्हणजे काय! संधी मिळाली तर माझं भाग्यच समजेन."

असं विचारल्यावर कुणीही हेच म्हणेल. शेंबड्या पोरालाही कळतं.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. सापळा रिकामा गेला ना! थोडा वेळ टोपी चिवडत उभा राहिला, मग "असं होय. बरं झालं विचारलं" म्हणाला, आणि इतका खाली वाकला की मलाच ओशाळं वाटलं. ओशाळं कसलं! जिंकलो मी आज.

३ मार्च

निवा आज उशिरा आला. म्हणजे वेळेवर, इतरांसारखा. टेबलं मी एकट्यानेच पुसली. संडासही. हरला बहुतेक. फडक्याला आज काही मजा नव्हती.

१० मार्च

साहेबांनी आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"अभिनंदन, कुसाकाबे. कुशिरो तुमची."

कानांत नुसती शिट्टी. साहेब आपले बोलतच होते. "खरं सांगू? जानेवारीत तुमचं नाव मनातही नव्हतं. बायको रुमालाला इस्त्री करून देते असा माणूस एकट्याने तिकडे महिनाभरात आजारी पडेल. पण आता तुम्ही स्वतः उठता, रांधता, यकृतसुद्धा ठणठणीत! घर इथे बांधून झालंय, मुलीची शाळा हलवायला नको. आणि तुमची इच्छाही आहे म्हणे. मग प्रश्नच मिटला."

इच्छा! कुणी सांगितली इच्छा?

मी काय म्हणालो? "आभारी आहे. जीव ओतून काम करीन." वाकलो. बाहेर आलो आणि जिन्यात बसलो.

सातोए रडली. कोझुएने खोलीत जाऊन दार लावून घेतलं. निवा, तुझं वाटोळं होवो! गोड बोलून माझी वाट लावलीस. मला सांगितल्यावाचून साहेबांच्या कानाला लागणारा तूच, दुसरं कोण? उद्या सगळ्यांसमोर तोंडावर विचारतो. नोकरी गेली तरी बेहत्तर.

११ मार्च

विचारलं. सगळ्यांसमोर नाही, सायकली लावतात तिथे. का सांगितलंत साहेबांना?

वाकला. "माफ करा, न विचारता बोललो. जानेवारीत साहेब माझंच नाव धरून होते. पण तुमची इतकी इच्छा, दोन महिने इतकी मेहनत… मग मीच म्हटलं, त्यांना पाठवा." मग माझ्याकडे न बघता — "माझी आई असते कुशिरोला. एकटीच. तीन वर्षं वाट बघत होतो त्या जागेची. मागून घेणं बरं दिसत नाही ना, म्हणून नुसतं काम करत राहिलो. आता तुम्ही तिकडे जाताच आहात, तर कधीतरी तिला भेटून याल का?"

हो म्हणालो.