पुढून लोंबणारा गाऊन

पोरी,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी कोपऱ्यावर गाडीवाल्याला सांगून ठेवायला जातोय. कळ आली किंवा पाणी गेलं तर लगेच फोन कर. शेजारच्या काकूही दार उघडं ठेवून बसल्यात.

काल तू हसलीस, "बाबा, शिंप्याची लेक मी आणि माझाच गाऊन पुढून लोंबतोय!" अगं, पोट गाऊन उचलून धरायचं, म्हणून मीच पुढे कापड जास्त सोडलं होतं. आता लोंबतोय म्हणजे बाळ खाली सरकलंय. म्हणूनच तुला श्वास मोकळा येतोय आणि चालताना मात्र जड वाटतंय. डॉक्टरीणबाईही हेच म्हणाल्या. घाबरू नकोस.

जन्मभर मापं घेतली गं, पण अजून न जन्मलेल्या जिवानं माप बदललेलं पहिल्यांदाच पाहिलं. काल ती इवली टाच तुझ्या पोटावरून सरकली, तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. बुवा कीर्तनात त्याची लीला तासभर गातात. मला ती कापडाखालून दिसली.

मागच्या वेळी सगळी तयारी करून आपण रिकाम्या हातांनी परतलो. म्हणून या वेळी काही शिवायचं नाही, असं तू बजावलंस. मी ऐकलं नाही. झबली, दुपटी शिवून, धुऊन पिशवीत भरलीत. हवं तेवढं रागाव.

टोपडं मात्र नुसतं कापून मशीनवर ठेवलंय. मन झालं तर तेवढी शिलाई तू मार.

– बाबा