मास्तर, तो सिन्नरला कामाला नव्हता

मास्तर, इतक्या वर्षांनी लिहितोय, माफ करा. चौथीपर्यंतच शिकलो. पण उशीर त्यामुळे झालेला नाही.

शरणपुरातलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. उपासना आटोपून आम्ही चौघं-पाच जण चुलीपाशी बसलोय, तुमच्या घरच्या बाई भाकरी थापताहेत आणि तुम्ही पाटीवर इब्री, म्हणजे हिब्रू, शब्द लिहिताय. एका रविवारी एकच शब्द. बायबलातल्या, तटबंदीवर राहणाऱ्या त्या बाईचं वचन चालू होतं, शहर पडायच्या आधी ती हेरांकडे घरच्यांचा जीव मागते ते. वेहखयितेम, म्हणजे तुम्ही जगवा. अबी, माझा बाप. इम्मी, माझी आई. तुमची रीत अशी, की शब्द कळला म्हणजे आपल्या घरातल्या त्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मी आईबापाचं घेतलं. मग आला अखय, माझे भाऊ, आणि मी चुलीत लाकूड सारायला लागलो.

"का रे, भांडलास का?"

"नाही मास्तर. तो सिन्नरला कामाला असतो."

"सिन्नर काय विलायत आहे? एस्टीत बसव नि आण. तो इथं बसेल त्या दिवशी तुला पुढचा शब्द."

तो सिन्नरला होता हे खरं, पण कामाला नव्हता. त्या वर्षांत ज्या आजाराचं नाव घरात कोणी काढत नसे, तो त्याला झाला होता. माझी बायको म्हणाली, पोरांना लागेल. मी त्याचा ताट-पेला वेगळा केला, आणि महिन्याभरात त्यालाच वेगळा केला. सिन्नरच्या एमआयडीसीच्या मागे पत्र्याची खोली. तुम्ही मात्र प्रार्थनेत प्रवासातल्या लोकांबरोबर त्याचं नाव घ्यायला लागलात. दर रविवारी मला विचारायचात, "आला का पाहुणा?"

तो पावसाळ्याअखेर गेला. मातीला मी आणि खोलीचा मालक, दोघंच. त्या रविवारीही तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, सुट्टी मिळत नाही त्याला. तुम्ही डोळे मिटून मेलेल्या माणसासाठी सुखरूप परतीचा प्रवास मागितलात, सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणालो. नाताळाआधी तुम्हीही गेलात. तोवर तुमच्या यादीत तो प्रवासातच होता.

पुढचं वचन मी मराठीतून वाचून काढलं. त्या बाईनं सगळ्यांना आपल्या घरात गोळा केलं, म्हणून ते वाचले. जो दाराबाहेर गेला त्याचं रक्त त्याच्याच माथी, असं लिहिलंय. पण ज्याला घरच्यानंच बाहेर काढलं, त्याचं रक्त कोणाच्या माथी? आताच्या पाळकसाहेबांना विचारायला दोनदा गेलो, हवापाण्याचं बोलून परत आलो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, कळतं मला. एकच सांगायचं राहिलं. डबा घेऊन गेलो की तो विचारायचा, "दादा, मास्तर माझं काही विचारतात का रे?" हो म्हटलं तर भेटायला निघेल, या भीतीनं मी दर वेळी नाही म्हणालो. तो तिथं भेटला असेल तर त्याला सांगा, विचारायचा एकही रविवार तुम्ही चुकवला नव्हतात. आणि तो काय म्हणाला ते मला लवकर कळवा.