मेळ्यातलं मुकं यान

१६ नोव्हेंबर

सीट भंगारातल्या ट्रॅक्टरची, स्प्रिंग मी बदलली. यान फिरवायचा दांडा उजव्या हाताला, सरकवायचा डाव्या — दोन्ही माझे. फिरणं वेगळं, सरकणं वेगळं! सिनेमावाल्यांना हे अजून कळलेलं नाही, त्यांची यानं एसटीसारखी वळतात. बटणं बेचाळीस, सगळी शेतीपंपाच्या स्टार्टरची, एकही शोभेचं नाही. दाराला जुन्या फ्रिजचं रबर. भिंतीत गोधड्या आणि कापूस. हवेसाठी दोन पंखे, पाती घासून घासून बिनआवाजाची केली. सीटखाली एक लोखंडी ठोका — इंजिन पेटलं की सांगाड्यातून येणारी ‘ठक’ तेवढी खरी. बाकी अंतराळात आवाज नाही. हवाच नाही, तर आवाज येणार कशावर बसून?

विकतचं म्हणजे कॉम्प्युटर आणि त्यावरचा यान चालवायचा खेळ. बाकी सगळे माझे, या हेमकांतचे, हात. गुरू नाही. पंपाच्या जळालेल्या मोटारी तारेनं भरायचा धंदाही मी कोणाकडे शिकलो नव्हतो.

हे नोंदवून ठेवतोय, कारण अक्काला ती खोली हवीय.

१७ नोव्हेंबर

अक्का म्हणजे तुळशीबाई, माझी थोरली बहीण. तीस वर्षं अंगणवाडी सांभाळली, यंदा निवृत्त झाली. घर बापाचं, दोघांचं. तिला यानाच्या खोलीत मिरची कांडायचं यंत्र बसवायचंय.

“तुन्हं इमान कव्हय उडी? मन्ही मिरची तरी कुटाई जाई.”

मी म्हटलं, ते विमान नाही, यान आहे. म्हणाली, “उडत नही ना? मंग एकच शे.”

२१ नोव्हेंबर

पैज! सारंगखेड्याच्या घोडेबाजारात यान लावायचं. जागेचं भाडं आणि टेम्पोचं भाडं निघालं तर यान खोलीत राहील. नाही निघालं तर भंगारात, आणि संक्रांतीला मिरची. पैसे अक्काकडे, कारण माझ्यावर तिचा भरवसा नाही. माझाही नाही.

मी निश्चिंत. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकाला आपल्या हातानं यान जोडायचं — आपोआप जोडणारं बटण मी मुद्दाम ठेवलेलंच नाही — हे करायला माणसं रांग लावतील.

(माझी स्वतःची जोडणी पाचात एकदा होते. हे फक्त इथे.)

३ डिसेंबर

टेम्पो दगाचा. दगा आमच्या गल्लीतला, जिभेला ब्रेक नाही. यान चढवताना म्हणाला, “भो, हाई काय, फिरतं संडास शे का?”

सारंगखेड्यापर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र बोलत होता.

४ डिसेंबर

दत्तजयंती. मेळा सुरू. जागा मिळाली ती मौत का कुआँच्या शेजारी! मोटारसायकली लाकडी भिंतीवरून गरगर, कर्णा दिवसभर. पलीकडे घोडेवाले.

पाटी मी स्वतः रंगवली : अंतराळ प्रवास. दहा मिनिटे. चाळीस रुपये.

दुपारी एक आजोबा टमरेल घेऊन रांगेत उभे राहिले. एकटेच. दगा जमिनीवर लोळून हसला.

५ डिसेंबर

गिऱ्हाईक आलं, पण टिकत नाही. आत जातात, दोन मिनिटांत बाहेर. “आवाजच नही! बिघडेल शे.” मी पोकळीचं शास्त्र समजावतो. ते पैसे परत मागतात.

फेटेवाला एक घोडेवाला तर तिथेच ओरडला, “मन्हं घोडं बी टापा वाजाडस! तुन्हं रॉकेट मुकं शे का रे भो?”

दगा म्हणे, “भोंगा लाई दे ना. धूम्म् करी दे. गर्दी व्हई जाई.”

नाही. यान गेलं भंगारात तरी चालेल, पण पोकळीत धूम्म् होणार नाही.

६ डिसेंबर

एकूण चार जण. अक्का गल्ल्याच्या डब्यावर हात ठेवून बसलीय आणि समोरच्या मिरचीवाल्याला कांडप यंत्राचा भाव विचारतेय. मला ऐकू जाईल असा.

७ डिसेंबर

आज विचित्र झालं.

कर्ण्यानं अक्काचं डोकं उठलं. “मी बठस मधमा जराशी,” म्हणून यानात शिरली, दार ओढून घेतलं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. मी दार ठोकलं.  पुन्हा ठोकलं.

आतून — “गप ऱ्हाय! तिकिटाना पैसा दिसू मी तुले.”

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी ओळखला नाही. कपाळावरची उभी आठी, जी मी तीस वर्षं पाहतोय, ती नव्हती! तिनं माझा ब्रश घेतला, पाटीवरचा ‘अंतराळ प्रवास’ पुसला आणि खाली लिहिलं :

आत कोणी बोलत नाही. दहा मिनिटे. चाळीस रुपये.

मी ओरडलो. कर्ण्यापुढे कोणाला ऐकू गेलं नसावं.

८ डिसेंबर

रांग! मौत का कुआँच्या दारापर्यंत. सगळ्या बाया. एक सुनबाई लेकरू सासूच्या कडेवर देऊन आत गेली आणि दार लावताना सासूला म्हणाली, “तुम्ही नंतर जा. येगयेगळं जानं पडस.” सासूही गेली. तिला दोन तिकिटं लागली.

बाहेर येणाऱ्या प्रत्येकीला मी विचारतो, “जोडणी झाली का?”

“कसानी जोडणी, भाऊ? मन्हा डोया लागी गया!”

यान रात्रीपर्यंत स्थानकावर आदळत होतं. एकही प्रवासी जागा नव्हता.

९ डिसेंबर

भाडं निघालं. यान वाचलं, अंतराळ गेलं.

लोकांना आतली करामत दिसावी म्हणून मी बाहेर एक छोटा पडदा लावला होता. अक्कानं त्यावर टॉवेल टाकला. म्हणे, घोरताना कोणी पाहिलेलं बायांना आवडत नाही. मी म्हटलं, त्यावर घोरणं दिसत नाही, पृथ्वी दिसते. “मंग तं कोनी देखावच नही,” म्हणाली.

१० डिसेंबर

शेवटी एक जिज्ञासू भेटली! शांतीबाई, अक्कलकुव्याकडून बांगड्या विकायला आलेली, रोज दोनदा यानात बसते. बाहेर येऊन मला म्हणाली, “भाऊ, इकडे ऊन, आणि आत इतकी रात्र का?”

माझा ऊर भरून आला. हवा नसली की उजेड विखुरत नाही, म्हणून सूर्य डोक्यावर असला तरी आकाश काळं — पृथ्वीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “ते नाही. तो खालचा निळा गोळा पण बंद होईल का? डोळ्यांवर येतो.”

दगाला हे सांगायला नको होतं. आता साऱ्या मेळ्यात मी ‘गोळावाला’.

१२ डिसेंबर

ऐन दुपार. बाया जेवायला गेलेल्या, मौत का कुआँचा कर्णा बिघडलेला. अक्का यानात. तिचं रोजचंच झालंय. मी सहज टॉवेल उचलून पडद्याकडे पाहिलं.

यान आदळलेलं नव्हतं!

ते स्थानकासमोर होतं. सरळ. सेकंदाला दहा सेंटिमीटर, जोडणीला हवा तेवढाच वेग — मी वाचलं, पुन्हा वाचलं. सीटखालची ठक ऐकू आली. एक. बराच वेळ काही नाही. मग डावीकडे सरकायची अर्धी ठक.  मी दारावर तोंड लावून म्हटलं, “अक्का, कोन बघ! तीन अंश चुकलाय!”

मी पुन्हा दाराला तोंड लावलं.

“अक्का, डावा दांडा हळू —”

“तू बाहेर शे ना? बाहेरच ऱ्हाय.”

लागलं! तीन अंश चुकीच्या कोनानं, पण लागलं. दारावरचा हिरवा दिवा. मी तो दिवा बसवला तेव्हा वायर चुकून उलटी लावली होती, पुन्हा काढून सरळ केली होती. तो आज पहिल्यांदा परक्या हातानं पेटला.

बाहेर आली. विचारलं, कोणी शिकवलं? पदरानं मान पुसत म्हणाली, “तीस वरीस झोपेल पोरं खाले ठेवात मी. इतकंच शे. धक्का लागना का जागं व्हस.”

मी म्हटलं, तीन अंश चूक म्हणजे चूकच.

“पोरगं जागं जयं का?” म्हणाली, आणि तिकिटं फाडायला बसली.

मी नंतर आत जाऊन चार वेळा प्रयत्न केला. चारही पोरं जागी झाली.

१४ डिसेंबर

मेळा संपला. आमचा तरी. घोडेवाले अजून आहेत. दगानं यान चढवलं, या वेळी संडास म्हणाला नाही. बसून पाहू का म्हणाला. आत गेला, आणि दहा मिनिटं दगा गप्प! हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

पैज मी जिंकली. घरी आल्या आल्या यान खोलीत लावलं, तळ सपाट आहे ना ते पाणसळ लावून पाहिलं, सीट दोन सूत पुढे घेतली. अक्का दारात उभी राहून पाहत होती. मिरचीचं नाव नाही.

मी म्हटलं, “कांडप यंत्राचं काय?”

“फार आवाज करस ते,” म्हणाली.

१५ डिसेंबर

सकाळी अक्कानं चहासोबत गल्ल्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. भाडी वजा जाता उरलेलं सगळं. मला वाटलं, माझी कमाई देतेय. म्हणाली, “इमान मले दी टाक. तूबी बठत जाय ना. फक्त दार ठोकी येत जाय.”

नाही म्हणालो. डब्यात अकरा हजार दोनशे रुपये होते.