पाळण्याखालचं वाक्य

ता. ४ मार्च

ताईस, शि. सा. न. वि. वि.

अक्षर गिचमिड आहे, समजून घे. माझी शाळा तुला ठाऊकच आहे. ठकी सात महिन्यांची झाली. पालथी पडते आणि पडली की स्वतःवरच रागावते. हे बोटीवर गेलेत, दोन महिने यायचे नाहीत.

तुला न विचारता मी एक काम केलंय. वरच्या मजल्यावरचं बाळ तापात गेलं, चार दिवसांत. त्याची आई जिन्यात बसून असते. मला भीती बसली. मग मी पाळण्याच्या कड्याखाली भिंतीवर खडूने वाक्य लिहिलं आणि अंगठा दाबून बांधलं, तुमच्या कारखान्यात वाक्यं खरी व्हावीत म्हणून बांधतात तसं. मी घरात आहे तोवर ठकीला ताप नाही. एवढंच. ओळ वाकडी आली, पण वाक्य धरलं, खडू निळा झाला.

तेव्हापासून सतरा दिवस मी उंबरा ओलांडलेला नाही. मी बाहेर गेले आणि ताप आला तर? पाणी, भाजी शेजारची इस्त्रीवाली आणून देते. म्हणते, अगं कोंबडीसुद्धा अंड्यांवरून उठून दाणे टिपते.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.

तुझी बारकी

ता. ९ मार्च

चि. बारकीस, अ. उ. आ.

रागावले आहे, ते आधी लिहिते. अकरा वर्षं मी लोकांची वाक्यं तपासते, आणि माझी सख्खी बहीण खडू घेऊन भिंतीला भिडते. तू बाहेर गेलीस म्हणून ताप येणार नाही. तू घरात नसताना काय व्हावं, यावर तुझं वाक्य काहीच बोलत नाही. तेव्हा जा, जरा ऊन खा, पालीसारखी पांढरी होशील.

माझी काळजी वेगळी आहे. बांधलेल्या वाक्याला माया नसते. त्याला फक्त खरं राहायचं असतं, आणि त्यासाठी ते सोपी वाट धरतं. ताप आणि तू एका घरात नकोत, एवढंच तू त्याला सांगितलंयस. ताप अडवणं अवघड. तुला हलवणं सोपं.

पत्र मिळताच पुसून टाक. लिहिणारीनेच, आपल्या तळव्याने. दुसऱ्या कोणाच्या हाताने ते जात नाही.

घाईत लिहिलंय, पण ठकीचा पापा सावकाश घे.

तुझी ताई

ता. १३ मार्च

ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं, पण दोन दिवस उशिरा.

परवा सकाळी ठकी किरकिरत होती. कपाळ कोमट लागलं. स्टोव्हवरचं दूध बघायला वळले, आणि मी एकदम रस्त्यात. अनवाणी, हातात पळी. दाराला आतून कडी, आत ठकीचं रडणं आणि दूध उतू गेल्याचा वास.

इस्त्रीवालीने खिडकीच्या गजांतून हात घालून कडी काढली. मी आत धावले. तीन पावलं, की परत रस्त्यात. पाच वेळा गेले, पाचही वेळा तेच. समोरचा चांभार म्हणाला, बाई, एकदाचं ठरवा, यायचंय की जायचंय. शेवटी इस्त्रीवालीनेच स्टोव्ह विझवला आणि ठकीला उचलून माझ्या हातात दिलं. तिच्या खोलीत वाक्य चालत नाही, ते आमच्याच घराचं. दोन दिवस तिथेच राहिलो, कपड्यांच्या गठ्ठ्यांत. डॉक्टरने औषध दिलं. आज ठकीचं अंग निवलं, तसं मला घरात जाता आलं.

पुसायला हात वर केला, पण धीर झाला नाही. पुसलं की काहीच उरत नाही ना गं. तूच एक शहाणं वाक्य लिहून पाठव. तुला येतं.

वाट बघतेय, उशीर करू नकोस.

बारकी

ता. १८ मार्च

चि. बारकीस, अ. उ. आ.

तीन वाक्यं लिहिली, तिन्ही फाडली. सगळ्यात साधं होतं, ठकीला कधीच ताप येणार नाही. ते आमच्या थोरल्या तपासनिसांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मला विचारलं, ज्या अंगाला कधीच ताप येत नाही ते अंग कसं असतं, ठाऊक आहे ना? मी कागद परत घेतला.

माझ्या दोन्ही मुलांवर एकही वाक्य नाही. हे तुला आधीच सांगायला हवं होतं. पोरं तापतात गं. आपण जवळ बसायचं.

जे सांगितलंय ते कर, मग हवं तेवढं भांड माझ्याशी.

तुझी ताई

ता. २७ मार्च

ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि भिंतीवरचं वाक्य पुसलं. तळवा निळा झाला, तीन दिवस रंग जाईना. इस्त्रीवाली म्हणाली, माझ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांपासून लांब राहा.

परवापासून ठकीला ताप आहे. चढायला लागला तेव्हा मी डोळे मिटून उभी राहिले, आता पायाखाली रस्ता लागेल म्हणून. फरशीच लागली. डॉक्टर दोनदा येऊन गेला. दात येतायत, काळजीचं काही नाही म्हणाला. मी करतेच आहे काळजी. भीती काही गेलेली नाही.

ठकी मांडीवर आहे. तिने आत्ता कागद ओढला, ती रेघ तिची. अंग अजून गरम आहे.

जास्त लिहीत नाही. एक हात तिच्या कपाळावर आहे, तो काढायचा नाही.

तुझी बारकी