मडगावच्या मैदानावरचं निंदण

मडगाव, ८ जुलै १९९८

तीर्थरूप बाबा,

गोव्याहून गजेंद्राचा वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? आईले सांगजा, जेवण बरं भेटते, मासोळी अजून खाल्ली नाई.

फुटबॉलच्या क्लबात नोकरी लागली. खेळाची नाई, मैदान सांभाळायची. शेतकऱ्याचा पोरगा आहो म्हटल्यावर साहेबांनी दुसरं काही विचारलंच नाई.

पहिल्या दिवशी पाहतो तर मैदानभर गवत माजलेलं. तुमची शिकवण आठवली. विळा घेतला आन् संध्याकाळपर्यंत दोन्ही गोलांसमोरचं मुळासकट निंदून काढलं. तुम्ही पाहिलं असतं तर जन्मात पहिल्यांदा मले शाबास म्हटलं असतं.

साहेब डोक्याले हात लावून खालीच बसले. गवतच इथलं पीक आहे म्हणे! महिन्याभरात उगवलं नाई तर आर्वीचं परतीचं तिकीट. काळजी करू नका, अजून तीन हप्ते आहेत.

येत्या सोमवारी मामाचा धीरज इकडं येऊन राह्यला. त्याच्यासंगं आपल्या शेताच्या धुऱ्यावरची हराळी मुळासकट पोतंभर पाठवजा, गोलांसमोर लावतो. मी साहेबांले छातीठोक सांगतलं, माह्या बाबांनी वीस वर्षं जीव तोडला, पण तिले काही मारता आलं नाई.

तुमचा, कामाले लागलेला,
गजेंद्र