हेड घासलेली गाडी किती टिकते

अप्पा, माझ्या गाडीनं परवा भोकरच्या रस्त्यावर तीन लाख किलोमीटर पूर्ण केले, आणि हे कुणाला सांगावं म्हटलं तर तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचलं नाही. घरी सांगितलं तर यांनी पेपरातून मान वर न काढता 'बरं' म्हटलं. लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, आई, आता तरी वीक ती, रस्त्यात कुठंतरी अडकून पडशील. तुम्ही असता तर आधी बॉनेट उघडायला लावलं असतं. मग कान जवळ नेऊन, डोळे मिटून, मिनिटभर नुसतं ऐकत राहिला असता, आणि शेजारी कुणी बोललं असतं तर हातानंच गप्प केलं असतं. तसं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. नांदेडचा माझा मिस्त्री चांगला आहे, पण तो गाडीला लॅपटॉप जोडतो आणि पडद्याकडं बघतो.

गाडी साधी नाही, हे आधी सांगते. डिझेलची सेडान आहे, जुनीच घेतली, एका हौशी पोराकडून. त्यानं पुण्याला नेऊन तिचं इंजिन ट्यून करून आणलं होतं. आता ताकद वाढवायला इंजिनाचं हेड घासत नाहीत अप्पा, गाडीतल्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलतात, की मूळच्यापेक्षा जास्त ताकद लावते ती. मी घेतली तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. बियाणाच्या दुकानाची बाई, पन्नाशी आलेली, आणि पोरासोरांची गाडी घेते! शिवाय असली गाडी दीड लाख किलोमीटरच्या वर जात नाही, इंजिन खोलावंच लागतं, असं ज्यानं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, बघू. हिमायतनगर, भोकर, उदगीर, जिथं जिथं माझं बियाणं जातं तिथं तिथं मी स्वतः चालवत जाते. दर पाच हजाराला तेल बदलते, थंड इंजिन दामटत नाही, लांबून आले की बंद करायच्या आधी दोन मिनिटं नुसतं चालू ठेवते. हे सगळं तुमचंच. आणि पाण्याच्या बाबतीत तर मी तुमच्याहूनही कडक आहे. त्याचं कारण आपल्या दोघांनाच ठाऊक आहे.

ट्यून केलेली गाडी किती टिकते, या एका प्रश्नावर तुमचं सगळं अडलं होतं. लातूर नवा जिल्हा झालेलं ते सगळं आठवतं मला. उदगीरची माणसं कामासाठी उस्मानाबादला जायची ती लातूरला जाऊ लागली, नवे साहेब आले, डॉक्टर आले, त्यांच्या गाड्या आल्या, आणि तुमच्या डोक्यात बसलं की आपलं गॅरेज आता लातूरला पाहिजे. बार्शी रोडवरची एक पत्र्याची शेड तुम्ही बघूनही ठेवली होती. आईला आणि मला दाखवायला नेलं होतं तुम्ही. रिकाम्या शेडमध्ये उभं राहून, इथं खड्डा काढायचा, इथं फळी मारायची, असं पाय आपटून आपटून दाखवत होता. आईनं विचारलं, इथं गाडी घेऊन येणार कोण, तुम्हाला ओळखतं कोण? तर तुम्ही बाहेर उभ्या असलेल्या आपल्या पांढऱ्या गाडीकडं बोट केलं.

ती गाडी म्हणजेच तुमची पाटी होती. हेड काढून खालून घासून घेतलेलं, आतली भोकं हातानं पॉलिश करून गुळगुळीत केलेली, कार्बोरेटरचे जेट बदललेले. त्या जुन्या धुडातून तुम्ही असा काही वेग काढला होता की लातूरला कोर्टात जाणारे वकील एसटी सोडून तुमच्याकडं यायचे. पण समोरच्या आडतीवरचे काका रोज संध्याकाळी बाकावर बसून तुम्हाला डिवचायचे. हेड घासलं की इंजिनाचं आयुष्य घासलं, असं ते म्हणायचे, आणि गावही तेच म्हणायचं. तुम्ही काकांना सांगून टाकलं होतं की ही गाडी दोन लाख किलोमीटर होईपर्यंत इंजिन खोलणार नाही. खोललं तर पुन्हा कुणाचं हेड घासायचं नाव घेणार नाही. लातूरच्या एका मोठ्या डॉक्टरांनाही तुम्ही हेच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, तुमची दोन लाखाला पोचू द्या, मग माझी तुमच्या हातात देतो, आणि माझ्या ओळखीतल्या आणखी चार. म्हणजे शेड, गॅरेज, लातूर, सगळं त्या आकड्याला टांगलेलं होतं. घरात मला आणि आईला तो आकडा पाठ असायचा.

आणि मग पाणी गेलं. त्या वर्षी आपल्या गल्लीतल्या विहिरी होळीच्या आधीच आटल्या. उरलं ते बोअरचं पाणी, इतकं जड की भांड्यावर पांढरे डाग पडायचे, केस काथ्यासारखे व्हायचे, आणि डाळ तर चार तास चुलीवर ठेवली तरी दाणा न् दाणा वेगळा. तुम्ही मात्र दर आठ दिवसांनी गाडीच्या डिकीत दोन घागरी घालून एका ओळखीच्या मळ्यातून गोडं पाणी आणायचा. एक घागर घरात प्यायला. दुसरी गॅरेजच्या फळीवर, तोंडाला फडकं बांधून, गाडीच्या रेडिएटरसाठी. त्या घागरीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. एकदा मी पेलाभर घेतलं, तर सगळ्यांसमोर तुम्ही मला बोललात. तुम्ही कधी आवाज चढवायचा नाही, म्हणून ते बोलणं मला फार लागलं.

"हेड घासलंय तिचं, ती लवकर तापतीय. तिला गोडंच पाणी लागतंय. तुमी काय, बोअरचं पिऊन बी जगताव."

आडतीवरचे काका किती हसले होते! बायको-पोरीला खारं अन् गाडीला गोडं, असं ते महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. मला मात्र राग आला होता, अप्पा. खरंच सांगते, भयंकर राग आला होता. एकोणीस वर्षांची होते मी, केसांना नीट फेस येत नव्हता, आणि तिकडं ती गाडी मळ्यातलं पाणी पिऊन राहिली होती.

तशातच नांदेडची मंडळी मला बघायला येणार म्हणून निरोप आला. आईला त्या दिवशी ताप होता, स्वयंपाक माझ्या अंगावर. पोळ्या झाल्या, भाजी झाली, पण डाळ शिजेना. घरातली गोड्या पाण्याची घागर आदल्या दिवशीच रिकामी झालेली. पाहुणे स्टेशनवर उतरले असतील एव्हाना, तुम्ही त्यांना आणायला गेलेला, आणि मी पळीनं डाळ दाबून बघतेय तर ती तशीच टणक. मी गॅरेजमध्ये गेले, फळीवरची घागर उतरवली, घरात आणून अर्धी ओतली, आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून बोअरचं पाणी घालून ती पुन्हा होती तशी ठेवली, फडक्याची गाठसुद्धा तशीच. नव्यानं टाकलेली डाळ तासाभरात लोण्यासारखी झाली. सासूबाईंनी दोनदा मागून घेतली. नंतर लग्न झाल्यावर त्या नेहमी म्हणायच्या, होय, पोरगी सावळी होती, पण त्या दुष्काळात अशी डाळ खाल्ली अन् म्हटलं हिच्या हाताला गुण हाय.

तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित काही झालं नसतं. पण एकदा जमलं की माणूस सोकावतं. होकार आल्यावर त्या उन्हाळ्यात आपल्याकडं पाहुण्यांची रीघ लागली, बोलणी करायला, साखरपुड्याला, याद्या करायला. दर वेळी डाळ, दर वेळी चहा. दर वेळी मी फळीवरची घागर उतरवायची आणि बोअरच्या पाण्यानं भरून ठेवायची. तुम्ही रोज सकाळी त्याच घागरीतलं पाणी झाकण काढून गाडीत ओतायचा, आणि मी दारात दात घासत उभी राहून ते बघायची. एवढ्यानं काय होतंय, पाणी ते पाणी, असं मी स्वतःला सांगायची. पत्रिका छापून आल्या तेव्हा गाडीचा आकडा एक लाख त्र्याऐंशी हजारावर होता.

ती बसली नळेगावच्या पुढं, भर दुपारी. आणि मागच्या सीटवर नेमके ते डॉक्टर. ट्रॅक्टरला दोर बांधून संध्याकाळी तिला उदगीरला आणलं तेव्हा सगळी गल्ली बघायला गोळा झाली होती. तुम्ही स्टेअरिंगवर बसला होता, समोर बघत. डॉक्टर एसटीनं निघून गेले होते, आणि ते परत काही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले. तुम्ही हेड उतरवून बाकावर ठेवलं होतं, त्याला केसाएवढी चीर गेलेली. इंजिनातले पाण्याचे रस्ते पांढऱ्या खरपुड्यांनी बुजून गेले होते, आपल्या पाणी तापवायच्या तपेल्याला आतून बसायची तशीच खरपुडी. तुम्ही स्क्रूड्रायव्हरनं ती खरवडून कागदावर गोळा करत होता. मग तुम्ही उठलात, फळीवरची घागर उतरवली, फडकं सोडलं, ओंजळीत पाणी घेऊन तोंडात धरलं. थुंकलं नाही तुम्ही. गिळलं. घागर नेऊन लिंबाच्या बुडाशी उपडी केली, कागदातली खरपुडीही तिथंच टाकून वर पायानं माती ओढली, आणि माझ्या हातातला चहा घेऊन प्यायला लागला. मी कपाची वाट बघत उभी होते. तुम्ही मला एवढंच विचारलं की हळदीला मावशी कधी येणार आहे.

थोड्या वेळानं आडतीवरचे काका आले, बाकावर टेकले, आणि त्या दिवशी त्यांनी चेष्टा केली नाही, हेच मला जास्त लागलं. काय झालं म्हणून त्यांनी हळूच विचारलं. मी आतल्या दारात होते. माझ्या लग्नाला आठ दिवस होते. तुम्ही म्हणालात,

"मीच जास्त घासलं हो हेड. हाव सुटली. तुमचं खरं हाय, घासलेली गाडी टिकत न्हाई."

त्यानंतर तुम्ही साधं हेड बसवलं आणि गाडी साध्या गाडीसारखी चालवली. कुणाचं हेड पुन्हा घासलं नाहीत. बार्शी रोडवरच्या शेडमध्ये दुसऱ्याच कुणाचं तरी दुकान आलं. तुम्ही उदगीरलाच राहिलात, ट्रॅक्टर आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करत, आणि मी माहेरपणाला आले की मला बाकावर बसवून नांदेडच्या गाड्यांविषयी विचारायचा. चिडलेले तुम्ही मला एकदाही दिसला नाहीत. चिडला असता तर बरं झालं असतं, अप्पा. मी रडले असते, कबूल केलं असतं, आणि निदान काकांना तरी खरं कळलं असतं.

पाठवणीच्या वेळचं तुमचं बोलणं तर मी कधीच विसरणार नाही. सगळ्या बायका रडत होत्या, आई तर जमिनीवरच बसली होती. तुम्ही जीपच्या खिडकीशी आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणालात, "नांदेडचं पाणी गोडं हाय, बाई. तिथं डाळ शिजंल." आणि हसलात. मनापासून हसलात, मला तुमचे वरचे दात दिसले. मी पदरात तोंड घातलं. सगळ्यांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून रडतेय.

आता तुमच्या त्या लातूरला रेल्वेनं पाणी येतंय, हे सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. गाडीच्या गाडी भरून. इकडं आमच्या गोदावरीतही उन्हाळ्यात लोक चालत पलीकडं जातात. उदगीरचा वेगळा जिल्हा होणार म्हणून पुन्हा बोलणं चाललंय, आणि मला वाटतं, तसं झालं तर तुम्हाला शेड बघायला लातूरला जायची गरजच पडणार नाही. मी गाडीत विकतचंच कूलंट घालते, डबा सीलबंद आहे का बघून, माझ्या हातानं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

गेल्या आठवड्यात मिस्त्रीनं चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं. चारही जवळजवळ सारखे भरले, नव्या इंजिनासारखे. त्याचा विश्वास बसेना, त्यानं पुन्हा मोजलं. म्हणाला, ताई, ट्यून केलेली गाडी तीन लाखाला न खोलता अशी मी पहिल्यांदाच बघून राहिलो, कुठं शिकलात हे सांभाळणं? मी म्हटलं, वडिलांकडं, त्यांनी उदगीरला तुमच्या जन्माच्या आधी गाडी ट्यून केली होती. त्याला फार आवड, हातातलं काम सोडून समोर येऊन बसला. विचारलं, मग किती टिकली ती? मी सांगितलं, एक लाख त्र्याऐंशी हजार. एवढीच कशी, म्हणाला.

त्याच्या गॅरेजमध्ये मी, तो आणि त्याच्याकडं काम करणारी एक बाई, तिघंच होतो. मला ओळखणारं, तुम्हाला ओळखणारं तिथं कुणी नव्हतं. काका जाऊन वर्षं झाली. सासूबाई गेल्या. आता खरं सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं?

अप्पा, मी म्हटलं, त्यांनी हेड जरा जास्तच घासलं होतं.